पोट लहान दिसतंय म्हणजे काय? शेवटच्या तीन महिन्यांतली मोजमापं

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माहेर सोलापूरचं, गेली १८ वर्षं इंदूरला प्रॅक्टिस करते. म्हणजे दिवसभर हिंदीतून बोलायचं आणि दमल्यावर मराठीतून, असं माझं चालतं. आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो मात्र दोन्ही भाषांत सारखाच कानावर पडतो. "पेट छोटा लग रहा है, मॅडम" किंवा "डॉक्टर, हिचं पोट दिसतच नाही हो."

हे वाक्य बहुतेक वेळा डोहाळजेवणानंतर येतं. सातव्या महिन्यात ओटी भरायला पंचवीस-तीस बायका जमतात, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, फोटो. आणि मग एखादी मावशी किंवा शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, सातवा ना? मला तर पाचवाच वाटला." झालं. ती मुलगी रात्रभर झोपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर बसलेली असते आणि तिच्या फोनमध्ये तिच्या जावेच्या सातव्या महिन्याचा फोटो असतो, तुलनेसाठी.

तिला मी आधी सांगते की साडीवरून पोट मोजता येत नाही. उंच बाईचं पोट लहान दिसतं, कारण पिशवीला वर जायला जागा असते. ठेंगण्या बाईचं पुढे येतं. पहिलटकरणीच्या पोटाचे स्नायू घट्ट असतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते सैल झालेले असतात, म्हणून तेवढंच बाळ जास्त मोठं भासतं. अंगावर चरबी किती, बाळ पाठीकडे पाठ करून आहे की पोटाकडे, या सगळ्यानं आकार बदलतो. पोट टोकदार असलं तर मुलगा आणि पसरट असलं तर मुलगी, याला काहीही आधार नाही. मी हे इथे फक्त एकदाच म्हणते आणि पुढे जाते, कारण त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं हा आपल्या देशात १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि त्यावर माझ्याकडे वेळ घालवायला नाही.

पण मग मावशींचं वाक्य साफ उडवून लावायचं का? नाही. इथेच मला आज थोडं थांबायचं आहे. कारण लहान पोट हे कधी कधी खरंच लहान बाळाचं लक्षण असतं, आणि ते ओळखण्याचं सगळ्यात जुनं, सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे शिंप्याकडे असते तसली साधी टेप.

ती कशी लावतात ते बघू. आधी लघवीला जाऊन यायचं. हे विनोदानं सांगत नाही. भरलेलं मूत्राशय पिशवीला वर ढकलतं आणि आकडा फुगतो. मग पाठीवर, पाय सरळ ठेवून झोपायचं. डॉक्टर किंवा नर्सताई हाताच्या कडेनं पिशवीचा सगळ्यात वरचा काठ शोधतात. तो नेहमी बरोबर मध्यावर नसतो, पिशवी बहुधा थोडी उजवीकडे कललेली असते, म्हणून जिथे काठ सापडेल तिथून टेप धरायची. दुसरं टोक खाली, ओटीपोटाच्या तळाशी जे कडक हाड लागतं, त्याच्या वरच्या कडेपर्यंत. मधलं अंतर सेंटिमीटरमध्ये. आणि यातली एक गंमत अशी की टेपची आकड्यांची बाजू पोटाकडे ठेवायची असते, कोरी बाजू वर. मोजून झाल्यावर उलटी करून आकडा वाचायचा. का? कारण माणसाचा स्वभाव. कार्डावर "३२ आठवडे" लिहिलेलं वाचलं की डोळ्याला ३२च दिसतो. हात नकळत टेप अर्धा सेंटिमीटर इकडे, अर्धा सेंटिमीटर तिकडे करतो. आकडा दिसत नसला की हात खोटं बोलत नाही.

साधारण २४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत हा आकडा सेंटिमीटरमध्ये जवळजवळ आठवड्यांइतकाच येतो. २८ आठवडे असतील तर २८च्या आसपास, ३२ असतील तर ३२च्या आसपास. दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतात, काही ठिकाणी तीनही धरतात. एलिस मॅकडोनाल्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९०६ मध्ये ही मोजण्याची पद्धत मांडली, म्हणून पुस्तकांत ती त्याच्या नावानं आहे.

आपल्याकडे याहून जुनी रीत आहे आणि अजून बऱ्याच ठिकाणी तीच चालते. हातानं चाचपून पिशवी कुठवर आली ते बघायचं. बारा आठवड्यांना ती ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर लागते, चोविसाच्या सुमारास बेंबीपाशी येते, छत्तिसाला बरगड्यांच्या मधल्या खळग्यापर्यंत पोचते. एएनएम ताईंना हेच शिकवतात आणि अनुभवी हाताला ते छान जमतं. फक्त अडचण अशी की बेंबी ही काही सरकारी मैलाचा दगड नाही. प्रत्येकीची जरा वर-खाली असते.

आता तुमच्या हातातलं कार्ड. सरकारी असेल तर माता आणि बाल संरक्षण कार्ड, खासगी असेल तर दवाखान्याची फाईल. त्यात पोटाच्या उंचीचा एक रकाना असतो. तिथे आकडा आहे का बघा. असला तर विचारा की हे सेंटिमीटर आहेत की आठवडे? टेपनं मोजलं की हातानं? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. कारण "३२" असं नुसतं लिहिलेलं असेल तर पुढच्या डॉक्टरला ते काय आहे हे कळायचा मार्गच नाही. काही जागी बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर इंचात मोजतात, तोही कधी याच रकान्यात येऊन बसतो. घेर मूळ शरीराच्या बांध्यावर इतका अवलंबून असतो की त्यावरून बाळाचं वजन काढायला जाऊ नये.

एकदाच मोजलेल्या आकड्याची मला फारशी किंमत वाटत नाही. ३४ आठवड्यांना ३१ आला. असेल, बाई उंच असेल, बाळ आडवं असेल, त्यामुळे पिशवी वर न जाता बाजूंना पसरली असेल. बाळाचं डोकं कटीत उतरलं असेल. मला हवे असतात तीन-चार आकडे, एकाखाली एक, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. २६, २८, ३०, ३२ असं चढत गेलेलं पोट जरी सुरुवातीपासून दोन सेंटिमीटर मागे असलं तरी मी शांत असते. ते बाळ आपल्या चालीनं चाललंय. पण २८, ३०, ३१, ३१? हे मला आवडत नाही. पहिला आकडा अगदी बरोबर होता, तरीही आवडत नाही. चाल मंदावली आहे.

आणि दर वेळी मोजणारा हात एकच असला तर फार बरं. दोन माणसांच्या मोजण्यात एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे पंधरा दिवसांची वाढ त्यातच हरवून जाते.

इथे आपल्या रीतीचा एक घोळ येतो. पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते. इंदूरची लेक जळगावला, बेळगावची सोलापूरला, हैदराबादची नांदेडला. जायलाच हवं, आईजवळ विश्रांती मिळते, मी विरोधात नाही. मी स्वतःही गेले होते. पण बघा काय होतं. ज्या महिन्यांत मोजमापांची साखळी सगळ्यात महत्त्वाची, नेमकी त्याच वेळी डॉक्टर बदलतो, हात बदलतो, सोनोग्राफीचं मशीन बदलतं, आणि पुष्कळदा जुनी फाईल सासरच्या कपाटात राहते.

ती फाईल राहण्याची किंमत काय असते हे मी एकदा पाहिलं आहे. ते सांगते. मी आजवर हे जाहीरपणे बोलले नव्हते.

मी तेव्हा रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. ओपीडीत एका सकाळी शंभरावर बायका. त्यात ही आली, बाविशीतली, पहिलटकरीण, माहेरपणाला आलेली. मे महिना होता. मी पाळीची तारीख विचारली तर म्हणाली, "गौरी बसल्या त्या दिवशी." हिशेब केला, ३६ आठवडे भरत होते. टेप लावली, ३२. परत लावली, ३२. बीपी चांगलं, लघवी चांगली, पायावर सूज नाही. मी विचारलं, "नक्की गौरीतच आली होती का? की त्याच्यानंतर महिन्यानं?" ती बिचकली. समोर पांढरा कोट, मागे रांग. म्हणाली, "असेल पुढं-मागं." मी कार्डावर लिहिलं, "तारीख अनिश्चित." आणि मनात हलकं वाटलं, कारण कोडं सुटलं होतं. पोट लहान नव्हतंच, तारीख चुकली होती.

दोन आठवड्यांनी ती परत आली. आकडा ३२ आणि ३३च्या मध्ये. आता सोनोग्राफीही झाली होती. रिपोर्टात लिहिलं होतं, बाळाची वाढ ३३ आठवडे, आणि खाली प्रसूतीची नवी तारीख, जुन्या तारखेच्या पुढे पाच आठवडे. मला तर आता छापील पुरावाच मिळाला. मी तिला सांगितलं, "अजून वेळ आहे बाई, तू लवकर मोजत होतीस." ती हसली. तिची आई म्हणाली, "बरं झालं, मला घोर लागला होता."

पुढच्या आठवड्यात ती रात्री आली. कालपासून बाळ हललं नाही म्हणाली. ठोके नव्हते.

मुलगी होती. वजन १ किलो ८०० ग्रॅम, त्वचा सुरकुतलेली, नखं पूर्ण वाढलेली. पूर्ण दिवसांची. सकाळी तिचा नवरा गावाहून आला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, त्यात सासरी राहिलेले सगळे कागद. त्यात नवव्या आठवड्यात केलेली सोनोग्राफी होती. गौरीच्या तारखेशी ती जुळत होती, दोन दिवसांचाही फरक नव्हता.

मी तिला काय सांगितलं हे मला आठवत नाही. तिनं मला काही विचारलं नाही, तेवढं आठवतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी माझ्या ज्युनियर मुलींना शिकवत आले आहे. बाई तारीख विसरेल, सण विसरणार नाही. "संक्रांतीच्या आदल्या दिवशी", "नणंदेच्या लग्नात, म्हणून मी देवघरात गेले नाही", "पोळ्याला", या आठवणी पक्क्या असतात, कारण त्या दिवशी तिला बाजूला बसावं लागलेलं असतं. तिची आठवण खोडण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून तारीख बदलायची नसते. कधीच नाही, जर आधीची खात्रीची तारीख असेल तर.

हे जरा नीट समजावून सांगते, कारण असे रिपोर्ट आजही माझ्या टेबलावर येतात. सोनोग्राफीचं मशीन बाळाचं डोकं, पोटाचा घेर, मांडीचं हाड मोजतं आणि सांगतं की एवढं माप सरासरी बाळाचं इतक्या आठवड्यांना असतं. मशीनला बाळाचं वय माहीत नसतं, त्याला फक्त माप कळतं. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगानं वाढतात, म्हणून तेव्हा मापावरून वय काढलं तर ते आठवड्याच्या आतबाहेर बरोबर येतं. पण आठव्या-नवव्या महिन्यात कुणी अडीच किलोचं असतं, कुणी साडेतीनचं. तेव्हा मापावरून वय काढणं म्हणजे शाळेतल्या मुलाची उंची बघून त्याची जन्मतारीख ठरवण्यासारखं आहे. बुटका असला तर तो लहान वर्गातला ठरेल! रिपोर्टात "३३ आठवडे" असं दिसलं आणि तुमचे खरे ३७ चालू असले, तर "तारीख पुढे गेली" असा त्याचा अर्थ घेऊ नका. विचारा, "डॉक्टर, माझ्या पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे ३७ होतात. मग बाळ चार आठवडे मागे आहे का?" बस, हा एक प्रश्न.

म्हणून माहेरी जाताना साडी-चोळीच्या आधी काय भरायचं, तर पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा रिपोर्ट. त्याचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये, नवऱ्याच्या फोनमध्ये आणि आईच्या फोनमध्ये. कागद हरवतात.

बाळ लहान असल्याचा संशय आला की पुढे काय होतं? सोनोग्राफीत बाळाच्या पोटाच्या घेराकडे आम्ही जास्त लक्ष देतो. वार, म्हणजे बाळाला अन्न पोचवणारा अवयव, कमी पडायला लागली की बाळ मेंदू वाचवतं आणि यकृतातला साठा खर्च करतं. डोकं वाढत राहतं, पोट बारीक होतं. शिवाय पाणी किती आहे ते बघतात, आणि डॉपलर करतात. डॉपलरमध्ये नाळेतला रक्तप्रवाह दिसतो. निरोगी नाळेत बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त पुढे वाहत असतं. वारेतल्या वाटा अरुंद झाल्या की तो मधला प्रवाह कमी होतो, मग थांबतो, आणि अगदी वाईट अवस्थेत उलटा वाहतो. बाळ पोटात ठेवायचं की बाहेर काढायचं, हा निर्णय बराचसा यावर आणि किती आठवडे भरले यावर ठरतो. माझ्या त्या पेशंटच्या रिपोर्टात डॉपलर नव्हतं. मी लिहूनच दिलं नव्हतं. माझ्या लेखी ते बाळ ३३ आठवड्यांचं निरोगी बाळ होतं ना.

वजनाचा अंदाज मात्र अंदाज म्हणूनच घ्या. त्यात १० ते १५ टक्के चूक चालते. अडीच किलो लिहिलं असेल तर बाळ सव्वादोनचं निघेल किंवा पावणेतीनचं. आणि दर आठवड्याला वजन बघत बसू नका. बाळाची आठवड्याची वाढ साधारण २०० ग्रॅम, मशीनची चूक त्याहून मोठी. वाढ बघायची तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात.

सगळीच लहान बाळं आजारी नसतात, हेही सांगायला हवं. आई पाच फुटांची, बाबा साडेपाच फुटांचे, बाळ २ किलो ६०० ग्रॅम. ते लहानखुरं आहे, उपाशी नाही. डॉपलर चांगलं, पाणी चांगलं, चाल चांगली, तर त्याला त्याच्या मापानं वाढू द्यावं. पण "आपल्याकडची बाळं लहानच असतात" हे वाक्यही मला पुरतं पटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. इथली सरासरी २ किलो ७०० ग्रॅम, तिथली साडेतीन किलो. आणि आपली बाळं वजनानं कमी असूनही त्यांच्या अंगावर चरबी मात्र तुलनेनं राखलेली होती, कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. त्यांनी या बाळांना बारीक पण चरबीदार म्हटलं, आणि पुढच्या वयातल्या मधुमेहाशी त्याचा संबंध ते शोधत आले आहेत.

दुसरीकडे नागपूर. जगातल्या आठ ठिकाणी निरोगी, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या गरोदर बायकांच्या बाळांची वाढ मोजण्याचा इंटरग्रोथ-२१ नावाचा प्रकल्प झाला. ऑक्सफर्ड, सिएटल, बीजिंगजवळचा भाग, नैरोबी, मस्कत, तुरिन, ब्राझीलमधलं पेलोटास आणि आपलं नागपूर. २०१४ मध्ये त्याचे सोनोग्राफीचे तक्ते आले, २०१६ मध्ये पोटाच्या उंचीचे, ४२३९ बायकांच्या टेपच्या मोजमापांवरून. टेप अर्थातच उलटी धरलेली. त्यातून दिसलं ते असं की आईला नीट अन्न, नीट तपासणी आणि स्वच्छ परिसर मिळाला तर नागपूरचं बाळ पोटात जवळजवळ तसंच वाढतं जसं इतर ठिकाणचं. यावर तज्ज्ञांत वाद आहेत, एकच तक्ता सगळ्यांना लावावा का यावर अजून भांडणं चालतात. मला त्यातून घ्यायचं ते मी घेतलं. आमची बाळं लहान असण्यात रक्ताचा वाटा असेलही, पण ताटाचाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत ज्या बाळांची वजनं नोंदली होती त्यांतली सुमारे १८ टक्के अडीच किलोच्या खाली होती.

ताटाचं निघालंच आहे तर बोलते. "जास्त खाऊ नकोस, बाळ मोठं होईल, शिवायला लागेल", "पोट अन्नानं भरलं तर बाळाला जागा कुठं राहणार" असं अजूनही सांगितलं जातं. जेवण पोटात जातं, बाळ पिशवीत असतं, दोघांच्या खोल्या वेगळ्या आहेत. शेवटच्या महिन्यांत एकदम जेवण जात नाही हे खरं, तेव्हा चार-पाच वेळा थोडं थोडं खा. भाकरी, डाळ, उसळ, अंडं चालत असेल तर अंडं, दूध, शेंगदाणे. लोहाच्या गोळ्या बंद करू नका, शौचाला काळं होतं म्हणून तर अजिबात नाही. आणि मशेरी. हे मी इंदूरलाही विचारते आणि सोलापूरच्या पाहुण्यांनाही. दात घासायची मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. मुंबईत १२१७ बायकांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला होता, गरोदरपणात तंबाखू तोंडात ठेवणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती. सिगारेट ओढत नाही म्हणून सुटलो असं नाही.

पण वारच नीट काम करत नसेल तर सलाईननं, प्रोटीनच्या डब्यानं किंवा महिनाभर बिछान्यात पडून राहिल्यानं ती दुरुस्त होत नाही. तिथे लक्ष ठेवणं आणि योग्य दिवशी बाळ बाहेर घेणं, एवढंच आमच्या हातात असतं. आईनं कमी खाल्लं म्हणून झालं, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

पोट फार मोठं येण्याबद्दल थोडक्यात. तारखेपेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त असेल तर जुळं, जास्त पाणी, गाठी, किंवा साखर. साखरेची तपासणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात, १४० किंवा त्याच्या वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. बहुतेकींना आहार सांभाळून, चालून तो आटोक्यात ठेवता येतो.

आणि नवव्या महिन्यात आकडा कमी झाला तर? छत्तिसाव्या आठवड्यानंतर, विशेषतः पहिलटकरणीत, बाळाचं डोकं खाली कटीत उतरतं. पोट खाली आल्यासारखं दिसतं, श्वास मोकळा होतो, लघवीला सारखं जावं लागतं. चाळिसाव्या आठवड्याला पिशवीचा वरचा काठ बत्तिसाच्या पातळीवरही येऊ शकतो. त्याला घाबरायचं कारण नाही.

टेप काही सर्वज्ञ नाही, हे कबूल करते. टेपनं पुष्कळ लहान बाळं सापडत नाहीत. हातानं चाचपण्यापेक्षा टेप बाळं जास्त वाचवते का, हे तपासणारा नीट असा प्रयोग एकच झाला, साधारण सोळाशे बायकांचा, आणि त्यात फरक दिसला नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जिथे जी पद्धत चालू आहे तीच ठेवा. वजन फार जास्त असेल किंवा पिशवीत मोठ्या गाठी असतील तर टेपवर विसंबूच नये, सरळ सोनोग्राफी करावी. तरीही मी टेप सोडत नाही. ती दहा रुपयांत मिळते, वीज लागत नाही, आणि तिच्या निमित्तानं डॉक्टरचा हात बाईच्या पोटावर दोन मिनिटं राहतो.

मला हमखास विचारतात की घरी टेप लावू का. लावू नका. पिशवीचा काठ शोधायला हात तयार व्हावा लागतो, आणि चुकीच्या आकड्यानं तुमची झोप जाईल. घरी मोजायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुमच्याइतकी चांगली कुणालाच मोजता येत नाही. बाळाची हालचाल. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर तुमच्या बाळाची एक लय ठरलेली असते. कुणाचं रात्री दहाला उड्या मारतं, कुणाचं जेवण झाल्यावर. ती लय ओळखून ठेवा. कमी वाटली तर डाव्या कुशीवर शांत पडा, लक्ष बाळाकडे द्या. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर त्याच वेळी दवाखान्यात जा. सकाळची वाट बघू नका. आणि "नववा लागला, आता जागा कमी, म्हणून हलत नाही" असं कुणी सांगितलं, मग ती सख्खी आई का असेना, तर ऐकू नका. शेवटपर्यंत बाळ हलत राहतं. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी वळवळ जास्त होते, पण ती कमी होत नाही.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरकडून मोफत तपासणी होते, २०१६ पासून. चौथ्या महिन्यानंतर कुठल्याही गरोदर बाईला जाता येतं, कुठल्याही राज्यात, माहेरी असा की सासरी. त्या दिवशी गर्दी असते. कार्ड घेऊन जा, आणि पोटाच्या उंचीचा रकाना रिकामा राहिला तर "ताई, हे राहिलं" म्हणा.

मागच्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली, हैदराबादहून इंदूरला माहेरी आलेली. ३४ आठवडे. तिनं फोन काढला आणि मला चार आकडे दाखवले, तिथल्या नर्सनं टेपनं मोजलेले, तारखेसकट. २७, २९, ३०, ३०. म्हणाली, "मॅडम, पंधरा दिवसांत वाढ नाहीये, हे बरोबर आहे का?" मी टेप उलटी धरून लावली. ३०. डॉपलर त्याच दुपारी केलं, नाळेतला मधला प्रवाह कमी झालेला होता. फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, दर दोन-तीन दिवसांनी बघत राहिलो, आणि ३६व्या आठवड्यात मुलगा झाला, १ किलो ९०० ग्रॅम. दहा दिवस आईच्या छातीशी बांधून ठेवला होता. आता तो वर्षाचा होईल. परवा फोटो आला, तोंडभर वरणभात माखलेला.

प्रश्न असतील तर विचारा. पहिल्या रांगेत त्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे.